वरातीत नाचणारी मुलं तासाला का येत नाहीत? कॉलेजातला नाच, लेझीम आणि ठेका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलैमध्ये प्रवेशांची धांदल संपली की जिमखान्याच्या दाराशी तेच ते प्रश्न येऊन उभे राहतात. मी कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवतो आणि सांस्कृतिक विभागाचं जोखडही बरीच वर्षं माझ्याच मानेवर आहे. त्यामुळे लेझमीचा तास, गॅदरिंगला बसवायचे डान्स, युवक महोत्सवाच्या तालमी आणि गणपतीत गायब होणारी मुलं, असं चारही बाजूंनी हे प्रकरण मला दिसतं. तोंडी उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. काही प्रश्न मुलांचे आहेत, काही पालकांचे आणि बरेचसे स्टाफरूममधले.

आजकालच्या मुलांना नाचायची हौस उरली नाही का? तासाला पाच टाळकीसुद्धा नसतात.

हौस आहे. ती तासाला येत नाही, एवढंच. "सर, पाय दुखतोय" म्हणून सकाळी भिंतीला टेकून बसलेला मुलगा त्याच संध्याकाळी मित्राच्या भावाच्या वरातीत घामानं निथळेपर्यंत नाचताना मी पाहिला आहे. त्यानंही मला पाहिलं. दोघांनीही न पाहिल्यासारखं केलं.

वरातीत कोणी शिकवत नाही, म्हणून कोणी चुकत नाही. वाटलं तेव्हा आत शिरायचं, दमलं की बाहेर यायचं, गर्दी सगळं झाकते. तासाला रोल नंबर असतो, रांग असते आणि "तू, चेक्सचा शर्ट, पाय उलटा पडतोय" असं म्हणणारे आम्ही असतो. पाय दोन्हीकडे तेच असतात, पण एका ठिकाणी ते नाचायला आलेले असतात आणि दुसऱ्या ठिकाणी तपासून घ्यायला.

एका वर्षी मी वर्गाकडून नाव न लिहिता चिठ्ठ्या मागवल्या. प्रश्न एकच होता, तासाला का येत नाही? "नाच आवडत नाही" असं लिहिणारे फारच थोडे निघाले. बहुतेकांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट लिहिली होती: मला येत नाही हे सगळ्यांना कळेल. एका चिठ्ठीत होतं, "सर, तुम्ही पहिल्याच दिवशी पुढं बोलावता." ती चिठ्ठी अजून माझ्या खणात आहे. पुढं बोलावणं त्या दिवसापासून बंद केलं.

आवड असणं आणि प्रेरणा असणं यात फरक तो काय?

बराच. नाच आरोग्याला चांगला का, त्यानं ताण हलका होतो का, असं विचारलं तर जवळजवळ सगळे "हो" म्हणतात. हा झाला दृष्टिकोन. पहाटे सहाला उठून पाऊस असताना हॉलवर येणं, ही प्रेरणा. पहिल्यावरून दुसरीचा अंदाज बांधला की फसगत होते. प्रश्नावल्यांवर बेतलेले प्रकल्प वाचताना हे लक्षात ठेवावं, आमच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्पही त्यात आले.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा स्वयंनिर्णय सिद्धांत इथे उपयोगी पडतो. त्यांच्या म्हणण्यानुसार माणसाच्या तीन गरजा भागल्या की प्रेरणा आतून येते: आपण आपल्या मर्जीनं करतोय ही भावना, आपल्याला जमतंय ही भावना आणि आपण कोणाचे तरी आहोत ही भावना. प्रेरणेच्या पायऱ्याही त्यांनी सांगितल्या. माझ्या वर्गाच्या भाषेत त्या अशा. सगळ्यात खाली, "का आलोय मलाच माहीत नाही." मग "अटेंडन्ससाठी आलोय." त्यावर "नाही आलो तर मॅडमना वाईट वाटेल." त्यावर "वजन उतरवायचंय, म्हणून येतो." आणि सगळ्यात वर, "ठेका लागला की राहवत नाही." अटेंडन्सवाल्याला हिणवू नये. मी स्वतः शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, बी.पी.एड.ला असताना त्याच पायरीवर लेझीम हातात घेतली होती.

मला ताल अजिबात कळत नाही. मी येऊन काय करू?

टाळ्या वाजवता येतात का? आरतीला कधी उभे राहिला आहात का? मग कळतो.

ताल खरोखरच न कळणारी माणसं असतात, पण ती फार विरळा. २०११ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी अशा एका तरुणाची नोंद प्रसिद्ध केली. संगीत लावलं की त्याला ठेक्यावर अंग हलवता येत नव्हतं, बाकी ऐकणं-बोलणं ठीक होतं. त्या एका माणसावर शास्त्रीय निबंध लिहिला गेला यावरूनच ही गोष्ट किती अपवादात्मक आहे ते समजा. "मला ताल नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांना ताल ऐकू येतो, पाय मात्र उशिरा पोचतो. त्याला सरावाचं औषध आहे.

आमच्याकडे पहिला आठवडा नाच नसतोच. चालणं असतं. ढोलकीवर केहरवा लावायचा, आठ मात्रा, आणि हॉलभर आपापल्या चालीनं फिरायचं. मग पहिल्या मात्रेवर पाय आपटायचा. मग पाचवीवर टाळी. चौथ्या दिवशी दादरा, म्हणजे सहा मात्रा, आणि सगळ्यांचेच पाय अडखळतात, भरतनाट्यम शिकलेल्यांचेसुद्धा. तो दिवस मला फार आवडतो. सगळे एकदम नवशिके झाले की वर्गातली भीती निम्म्यानं उतरते.

सगळे माझ्याकडेच बघतात असं वाटतं.

वाटतं खरं, पण बघत नाहीत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी एक गमतीचा प्रयोग केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला गायक बॅरी मॅनिलोचा चेहरा छापलेला, तरुणांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवायचं. त्याला विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? अंदाज आला निम्म्याच्या जवळपास. प्रत्यक्षात त्याच्याही निम्म्यांच्याच लक्षात आलं होतं.

नाचाच्या तासाला तर लोकांना दुसऱ्याचे पाय बघायची उसंतच नसते, स्वतःचेच सांभाळता येत नाहीत. तरी एक कबूल करतो. ही समजूत डोक्याला पटते, अंगाला पटायला वेळ लागतो. म्हणून पहिले पंधरा दिवस हॉलमधल्या आरशांवर पडदे, खिडकीत जमणाऱ्या हौशी प्रेक्षकांना मज्जाव आणि मोबाइल दारातल्या टोपलीत. या तीन गोष्टींनी जेवढी मुलं टिकली तेवढी माझ्या कुठल्याही भाषणानं टिकली नाहीत. टोपलीला सुरुवातीला प्रचंड विरोध झाला. आता मुलीच दारात उभ्या राहून फोन गोळा करतात.

मुलगे का येत नाहीत? नाच म्हणजे मुलींचं काम असं त्यांना वाटतं का?

मुलींचा कल नाचाकडे अधिक असतो असं ठिकठिकाणच्या पाहण्यांतून दिसतं आणि आमच्या हजेरीपटावरही तेच आहे. पण महाराष्ट्रात "नाच बायकांचा" हे विधान दोन मिनिटंही टिकत नाही. धनगरांचं गजीनृत्य पुरुष करतात. रत्नागिरीकडे गणपतीत बाल्या नाच होतो तो पुरुषांचा. शिमग्याला पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात ते कोण? वारीत टाळ घेऊन पावली खेळणारे आजोबा पाहा, गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरकडे जाणारे तेच असतात. गोव्यात डिचोली-सत्तरीकडे कमरेला लाकडी घोडा बांधून घोडेमोडणी करणारेही पुरुषच.

तेव्हा अडचण नाचण्याची नाही, स्टेजची आहे. मराठीत "नाच्या" हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. तमाशातल्या त्या पात्राची समाजानं जी टवाळी केली ती या शब्दाला चिकटून आजच्या कॉलेजपर्यंत आली. समूहात, अंगणात, देवापुढे नाचणारा पुरुष चालतो. एकटा, उजेडात, तोंडाला रंग लावून नाचणारा दिसला की शिट्ट्या सुरू होतात. मागच्या बाकांवरून आलेली एक शिट्टी दहा मुलांना घरी पाठवते, म्हणून शिट्टी मारणाऱ्याला आम्ही शिक्षा करत नाही, पुढच्या तालमीला ढोलकीशेजारी बसवतो. दोघे-तिघे तर असेच आमचे झाले.

मुलग्यांसाठी दार कुठलं हेही कळलं आहे: हातात काहीतरी द्यायचं. लेझीम द्या, झांज द्या, दांडिया द्या, भगवा झेंडा द्या. रिकाम्या हातांचं काय करायचं हे त्यांना कळत नाही. हातात वस्तू आली की तो नाच न राहता "काम" होतं, आणि काम करायला कोणी लाजत नाही.

लेझीम हा नाच की व्यायाम?

यावरून स्टाफरूममध्ये दोनदा चहा गार झालेला आहे. माझं मत: दोन्ही, आणि म्हणूनच ती कॉलेजसाठी सोन्यासारखी आहे.

लाकडी दांडा, त्याला लोखंडी साखळी, साखळीत पातळ चकत्या. इतकं साधं साधन. पण ते स्वतःच वाजतं, म्हणजे हालचाल चुकली की आवाज चुकतो आणि करणाऱ्याला लगेच कळतं. शिक्षकाला बोट दाखवावं लागत नाही. शारीरिक शिक्षणाच्या पदवीला घाटी लेझीम आणि हिंदुस्तानी लेझीम असे दोन प्रकार शिकवतात. घाटीत आठ आवाज, बैठक आवाज, आगे कदम, दो फेरावा. हिंदुस्तानीत चार आवाज, एक जगह, पवित्रा, दो रुख. ही हुकमांची भाषा ऐकली की तालमीची, आखाड्याची आठवण येते, आणि ती आहेच तिथली. बैठक आवाज दहा मिनिटं केले की जिमला जाणारी मुलंसुद्धा दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतात.

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून देशी व्यायामाचं काम करत आलं आहे, त्यांचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये उद्घाटनाला लेझीम होती. मुलांना हे सांगितलं की थोडा वेळ छाती फुगते. पण टिकवतो तो आवाज. चाळीस लेझमी एका क्षणी "छन्न" झाल्या की अंगावर काटा येतो, आणि ज्याची अर्धा क्षण मागं पडली तो आपणहून म्हणतो, "सर, परत."

ढोल-ताशा पथकात हीच मुलं तीन-तीन तास कशी टिकतात? तिथं तर पैसेही मिळत नाहीत.

या प्रश्नाचं उत्तर ज्याला सापडलं त्याला कॉलेजातल्या नाचाचं अर्धं कोडं सुटलं. पुण्यात गणपतीच्या दोनेक महिने आधीपासून मुठेच्या काठानं सराव सुरू होतात. पावसात ताडपत्री आणि पत्र्याच्या शेडखाली कॉलेजची मुलं-मुली कमरेला ढोल बांधून उभी असतात. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. बोटांना चिकटपट्ट्या, कमरेला वळ. घरी भाजी आणायला सांगितलं तर हीच मंडळी दमलेली असतात.

तिथं काय आहे जे माझ्या तासाला नाही? पहिलं म्हणजे नवख्याला जागा आहे. आल्या दिवशी कोणी त्याला ताशा देत नाही. तो ढोल ताणायला मदत करतो, ढोल उचलून आणतो, मागच्या रांगेत साधा हात वाजवतो. काही येत नसतानाही तो पथकाचा असतो. दुसरं, शिकवणारा दोनच वर्षांनी मोठा दादा किंवा ताई असते. तिसरं, तारीख ठरलेली आहे. बाप्पा यायचा तेव्हा येतो, "पुढच्या सोमवारी बघू" चालत नाही. चौथं, सगळ्यांचा कुर्ता एकच.

पाचवं कारण शरीरातलं आहे. ऑक्सफर्डच्या ब्रॉनविन टार आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. मुलांना गटानं नाचायला लावलं; काही गट एकसारख्या हालचाली करत होते, काही नाही; काही जोरात दमत होते, काही बसल्या बसल्या हात हलवत होते. दमल्यानं मुलांची वेदना सहन करायची ताकद वाढली, आपसातली जवळीकही वाढली. एकसारखी हालचाल केल्यानं हेच वेगळं, स्वतंत्रपणे घडलं. पथकात हे दोन्ही एकत्र होतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी खांदा उचलत नसलेली पोरं व्हॉट्सॲपवर "पुढच्या वर्षी लवकर या" का लिहितात ते कळलं ना?

यातलं आम्ही काय उचललं? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं पहिल्या वर्षाला शिकवतात, मी कोपऱ्यात बसतो. आणि दर सत्रात एक तारीख ठरलेली असते, प्रेक्षक असोत-नसोत.

क्रेडिट दिलं तर मुलं येतील का?

येतील. टिकतील का, ते वेगळं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यात आलेल्या नव्या पदवी आराखड्यात सहअभ्यासक्रमाच्या क्रेडिटमध्ये एनएसएस, एनसीसी, योग, क्रीडा यांच्या बरोबरीनं सांस्कृतिक उपक्रम आणि प्रयोगकला बसतात. ही चांगली गोष्ट आहे, निदान हॉलची चावी मिळवायला आता भांडावं लागत नाही. पण १९७३ चा एक जुना प्रयोग मी नेहमी सांगतो. मार्क लेपर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं. पुढं बक्षीस नसताना त्याच मुलांनी चित्रं काढणं कमी केलं. ज्यांना बक्षीस ठरवून दिलं नव्हतं ती काढत राहिली.

क्रेडिटचं तसंच होऊ शकतं. जी मुलगी आधी हौसेनं यायची ती विचारू लागते, "सर, क्रेडिटचे माझे साठ तास भरले का?" म्हणून आमच्याकडे दोन गोष्टी पाळतो. काय शिकायचं ते मुलं निवडतात: लेझीम, लोकनृत्य, मंगळागौरीचे खेळ, हिपहॉप किंवा नुसतं तालवाद्य. आणि तास भरल्यावरही दार उघडं असतं. तास भरल्यावर जे येतात ते खरे नाचणारे.

मग गुण कसे द्यायचे? चांगलं नाचणाऱ्याला जास्त आणि बाकीच्यांना कमी?

नको. तसं केलं की लहानपणापासून क्लासला गेलेल्यांना आपण फीचे गुण देतो. आम्ही हजेरी, चौघा-पाचांच्या गटानं स्वतः बसवलेला बत्तीस मात्रांचा तुकडा, आणि तो तुकडा दुसऱ्या गटाला शिकवणं, यावर गुण देतो. शिकवायला लागलं की कोणाला खरं कळलंय ते दिसतं. सुरुवातीचा आणि शेवटचा व्हिडिओ काढतो, तो फक्त त्या मुलाला दाखवायला, आणि मग पुसून टाकायचा.

घरून परवानगी नाही. काय करू?

हा प्रश्न विचारणाऱ्या नव्वद टक्के मुली असतात, हा आकडा मोजलेला नाही, पण तुम्हीही माझ्या जागी हाच सांगाल.

घरच्यांचं "नाही" एकसारखं नसतं. कधी ते उशिराला असतं: तालीम सातला सुटते आणि शेवटची एसटी पावणेसातची. कधी व्हिडिओला असतं, की कोणीतरी काढेल आणि गावभर फिरेल. कधी कपड्यांना आणि कधी खरंच नाचाला. पहिल्या तिन्हींवर कॉलेज उपाय करू शकतं आणि करायलाच हवा. तालीम मधल्या सुट्टीत घ्या, फोन टोपलीत, पोशाख मुलींनी ठरवावा. आमच्या एका मुलीचे वडील तालीम बघायला आले, दाराशी टोपली पाहिली आणि चहा न घेताच परत गेले. दुसऱ्या दिवशी मुलगी आली.

चौथ्या "नाही"चं मूळ बहुधा लावणीत असतं. "नाचकाम" म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर फड येतो. गॅदरिंगला सरसकट "लावणी नको" असा फतवा काढणाऱ्या कॉलेजांशी माझं पटत नाही, तसंच रील बघून चार झटके उचलणं म्हणजे लावणी, हेही पटत नाही. वाईच्या लावणी कलावंत यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, ती काय झटक्यांसाठी? बैठकीच्या लावणीतली अदा बसल्या जागी, नजरेनं आणि हातानं होते. मुलींना आणि आयांना एकत्र बसवून ते दाखवलं, तर बोलणं निराळ्या वळणावर जातं. दरवेळी परवानगी मिळते असं नाही.

घरातून चालेल असा एक नाच मात्र बहुतेक घरांत आधीपासून असतो. मंगळागौर. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा. आई आणि आजी हरकत घ्यायच्या ऐवजी चुका काढायला येतात. गोव्याकडच्या मुलींना फुगडी आणि धालो सांगावे लागत नाहीत, त्या आम्हालाच शिकवतात.

युवक महोत्सवाच्या लोकनृत्यात भाग घ्यायचा आहे. निवड कशी होते?

विद्यापीठाच्या महोत्सवातून संघ पुढं इंद्रधनुष्य या राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ महोत्सवाकडे आणि असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या विभागीय व राष्ट्रीय महोत्सवांकडे जातात. राष्ट्रीय नियमांत लोकनृत्य-आदिवासी नृत्याच्या संघात दहापर्यंत नाचणारे असतात, साथीदार वेगळे, वेळ दहा मिनिटांच्या आत आणि शास्त्रीय नाच चालत नाही. दरवर्षीची नियमावली मात्र वाचावी.

निवडीबद्दल एक जुनं दुखणं. एका वर्षी आमच्या संघानं तारप्यावरचा नाच बसवला. कोरिओग्राफर बाहेरून आणला होता. त्यानं तारपा रेकॉर्डवर लावला, मुलांच्या अंगावर पानं बांधली आणि प्रत्येक चार मात्रांना आरोळी घातली. बक्षीसही मिळालं. परतीच्या बसमध्ये पालघरकडचा आमचाच एक वारली मुलगा, जो संघात नव्हता, सामान उचलायला आला होता, म्हणाला, "सर, तारपा वाजवणारा धून बदलतो तेव्हा पाय बदलतात. इथं तर तो माणूसच नव्हता." दुधी भोपळा आणि बांबूचं ते वाद्य, त्याच्याभोवती वर्तुळ, वाजवणारा सांगेल तसं वळायचं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं आणि आम्ही त्याला पेट्या उचलायला ठेवलं होतं.

तेव्हापासून नियम: ज्या समाजाचा नाच, त्या समाजातलं कोणी कॉलेजात असेल तर आधी त्याला विचारायचं. नंदुरबारची, गडचिरोलीची, सांगोल्याची मुलं वसतिगृहात असतात. "तुमच्याकडे कसं नाचतात?" हा प्रश्न त्यांना कॉलेजात कोणी विचारलेलाच नसतो. मागच्या बाकावरचा मुलगा एका आठवड्यात वर्गाचा गुरू होतो. प्रेरणेवर यापेक्षा प्रभावी इलाज मला अजून सापडलेला नाही.

गरबा आणि झुम्बा चालतात, मग लेझीम कशाला?

चालू द्या की. गरबा २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला, आणि नवरात्रात आमची निम्मी मुलं रात्री तिथंच असतात. त्यांना सकाळी ताल शिकवायची गरज नसते, झोपेची असते. झुम्बा कोलंबियातल्या बेटो पेरेझनं काढला, ती संगीत लावून करायची कवायत आहे. त्यात कोणी कोणाचा हात धरत नाही. घाम गाळायला उत्तम, मित्र जोडायला बेताची. माझा पक्षपात दिसतोय, दिसू दे.

आठवड्यातून किती नाचलं म्हणजे व्यायाम झाला?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला मध्यम दमवणारा व्यायाम १५० ते ३०० मिनिटं सांगते, जोरदार असेल तर ७५ ते १५०. नाचताना बोलता येतंय पण गाता येत नाही, तर तो मध्यम.

शास्त्रीय शिकलेल्यांनी या तासाला यावं का? मी कथक विशारद करते आहे.

या, पण पहिल्या रांगेत उभ्या राहू नका. गंभीरपणे सांगतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिलेली मुलगी पुढं असली की मागचे चाळीस जण तिच्याशी स्वतःला ताडून बघतात. तीच मधल्या रांगेत असली की आजूबाजूचे चौघे तिच्या पायांवरून शिकतात. तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं, कशी येते ते मात्र एकदा सगळ्यांना करून दाखवा. ढोल वाजवणाऱ्या मुलांचे डोळे चमकतात.

दुखापतींचं काय?

सिमेंटच्या फरशीवर, गुळगुळीत बुटांत उड्या मारू नका, नडग्या आणि घोटे जातात. आधी दहा मिनिटं अंग गरम करा. ढोल कमरेला बांधताना ओझं पाठीच्या कण्यावर न येता कमरेवर यायला हवं, पट्टा मोठ्यांकडून बांधून घ्या.

कानांचं कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज आठ तास चालतो, आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, असा श्रवणतज्ज्ञांचा एक हिशेब आहे. म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. बंद शेडमध्ये पन्नास ढोल वाजतात तेव्हा काय होत असेल याचा विचार करा. कापसाचे बोळे पुरत नाहीत, फोमचे इअरप्लग घाला. ठेका त्यातूनही पोटात ऐकू येतो.

परीक्षेच्या तोंडावर तालीम बंद ठेवावी का?

कमी करा, बंद नको. आमच्याकडे त्या दिवसांत आठवड्याला एकदा अर्धा तास, नवीन काही न शिकवता. सगळ्यात जास्त हजेरी त्याच तासाला असते, हे पालकांना सांगू नका.

पहिल्या दिवशी काय घालून यायचं?

घाम शोषणारं काहीही. ओढणी असेल तर बांधून घ्या, पायात पकड असलेले बूट. सकाळी सव्वासातला मागचा हॉल, दाराशी टोपली असेल. उशीर झाला तरी या, मागं जागा असतेच.